सांधे सैल: माहेरून आले की सासरहून?

अमळनेरची_सूनबाई

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझी लेक सहावीत आहे. खो-खो खेळते. खांबाला वळसा घालताना ती अशी काही वाकते की सर म्हणतात, हिच्या कमरेत हाड आहे की नाही? पण यंदा संध्याकाळी घरी आली की गुडघे चोळत बसते. दोन पानं सलग लिहिली की अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. घोटा तर सारवलेल्या सपाट अंगणात मुरगळतो. अंगठा मागे दाबला की हाताला जाऊन टेकतो, करंगळी मागे काटकोनात उभी राहते. वर्गात हे करून दाखवते, पोरी किंचाळतात, आणि हिला त्याचीच हौस.

मला यात नवल नाही, कारण मीही तेच करायचे. माझं माहेर शिंदखेड्याकडचं. वडिलांचा खांदा दोनदा निखळलाय. एकदा बैलगाडीवरून उतरताना, ते समजू शकतं, पण दुसऱ्यांदा नुसता सदरा काढताना! आत्या लहानपणी पद्मासन घालून हातांवर चालायची. माझा भाऊ ताडमाड उंच, काडीसारखा, डोळ्याला जाड भिंगं. वडिलांचे वडील ऐन चाळिशीत शेतात बसल्या जागी गेले. अटॅक आला असं घरात सांगतात, डॉक्टर कोणी बघितला नव्हता.

आता सासूबाईंचं म्हणणं एकच: "आमना घरमा असं कोनलेच नई." म्हणजे जे काही आहे ते मी हुंड्यात आणलं. हाडांच्या एका डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी एक्स-रे काढला, तो चांगला आला, कॅल्शियम लिहून दिलं आणि म्हणाले, पोरगी नाटकं करते. नाव घेत नाही, पण त्या वाक्यानंतर लेक दुखलं तरी सांगेनाशी झाली, त्याचा मला राग आहे.

विचारायचं असं. हे खरंच रक्तातून येतं का? येत असेल तर कोणाच्या बाजूने? धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे, त्यालाही होणार का? आणि जीन टेस्ट करून हा वाद मिटेल का? एका लॅबवाल्याने फोनवर सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी फोनच ठेवून दिला.

बापू_शिरपूर

बेटा, काळजी करू नको. पोरीचं हाड कवळं आहे, वाढीचं वय आहे. कोमट तिळाचं तेल लाव आणि चांगल्या हाडवैद्याकडून सांधे एकदा ओढून बसवून घे. आमच्या वेळी कोणाला टेस्ट माहीत होत्या?

फिजिओ_धुळे

बापू, तेल लावा, मालिश करा, माझी हरकत नाही. पण ओढणं नको, हात जोडून सांगतो. हा सांधा आधीच गरजेपेक्षा जास्त सरकतो. त्याला अजून ताणलं तर आज मोकळं वाटेल आणि महिनाभराने जास्त दुखेल.

ताई, तुम्ही सांगताय त्याला आम्ही जॉइंट हायपरमोबिलिटी म्हणतो, सांध्यांची अतिलवचिकता. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हाडांना बांधून ठेवणारे बंध दिसत नाहीत. त्यामुळे एक्स-रे चांगला येणारच. लेक नाटकं करत नाही, हे तिला आज घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकू द्या.

मोजायची पद्धत घरी करता येईल अशी आहे. बायटन स्कोर म्हणतात, एकूण ९ गुण. करंगळी मागे ९० अंशांच्या पलीकडे जाते का, अंगठा वाकवून मनगट आणि कोपर यांमधल्या हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या मागे १० अंशांहून जास्त जातो का: प्रत्येक बाजूला एक, असे ८. आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले तर नववा. वयात न आलेल्या मुलांना ६ किंवा जास्त, त्यानंतर पन्नाशीपर्यंत ५, आणि पन्नाशीनंतर ४ मिळाले तरी सांधे सैल धरतात, कारण वय वाढतं तसे सांधे आपोआप आखडतात. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. आणि गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याकडे जास्त, त्यामुळे घाबरून जाण्यासारखं काही लगेच नाही.

पण तुमच्या पोस्टमध्ये लेकीपेक्षा मला तुमच्या भावाची आणि आजोबांची ओळ जास्त खटकली. उंच, सडपातळ, जाड भिंगं, आणि त्याच घरात तरुण वयात अचानक मृत्यू. हे चार मुद्दे एका घरात दिसले की आधी मारफान सिंड्रोम नाही ना, हे बघावं लागतं. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू रुंदावते आणि कधीतरी फाटू शकते. भावाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की बाहुली मोठी करून डोळ्यातलं भिंग जागेवर आहे का ते बघा. दोन्ही तपासण्या धुळ्या-जळगावात होतात, जीन टेस्टपेक्षा कितीतरी स्वस्तात. असेलच असं मी म्हणत नाही. चष्मा आणि उंची तर अर्ध्या महाराष्ट्राला आहे. पण आधी ते.

आणखी काही विचारतो. घरात कोणाची कातडी खूप ताणली जाते का? जखम भरली की वण पातळ, कागदासारखा, पसरट राहतो का? न लागता काळे-निळे डाग पडतात? बाळंतपणात गर्भाशय फाटणं, आतडं किंवा रक्तवाहिनी अचानक फुटणं असं कोणाच्या बाबतीत झालंय?

अमळनेरची_सूनबाई

फिजिओ दादा, वाचून आधी पोटात गोळा आला, मग भावाला फोन केला. तो हसत होता, त्याला इकोची तारीख घ्यायला लावली.

कातडी, वण, डाग यातलं काही नाही. माझ्या सिझेरियनचा वण नीट आहे. आईवडिलांचं लग्न नात्यातलं नाही, आमचंही नाही, तुम्ही पुढे विचारणारच म्हणून सांगून टाकते.

स्कोरचं म्हणाल तर आता कानबाईचा सण आहे. रोट खायला सगळी भाऊबंदकी घरी जमणार, सुरत आणि नाशिकची मंडळीसुद्धा. एकेकाला ओट्यावर उभं करून मोजते की नाही बघा.

मास्तर_शहादा

मी जीवशास्त्र शिकवायचो, डॉक्टर नाही. पण "कोणाच्या बाजूने" या प्रश्नावर चार ओळी लिहितो, कारण इथे गल्लत फार होते.

सांध्याचे बंध, कातडी, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. सुंभाचा दोर वळतात तसे त्याचे तीन पदर एकमेकांत पिळलेले असतात. पदर कसा वळायचा, त्याला आधार कोणी द्यायचा, गाठी कुठे मारायच्या याच्या सूचना अनेक जनुकांत विखुरलेल्या आहेत. त्यातली एखादीच सूचना जबर चुकली तर एकाच जनुकाचा ठळक आजार होतो. मारफानमध्ये १५व्या गुणसूत्रावरचं एफबीएन१ (ते कोलॅजेनचं नाही, फायब्रिलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं). एहलर्स-डॅनलॉस (सैल सांधे, नाजूक कातडी अशा आनुवंशिक आजारांचा गट) यातल्या क्लासिकल प्रकारात बहुधा सीओएल५ए१ किंवा सीओएल५ए२. रक्तवाहिन्यांच्या धोकादायक प्रकारात सीओएल३ए१. या सगळ्यांत जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडची, एक वडिलांकडची) एक बिघडलेली पुरेशी असते. ज्याला आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी, आणि आधीच्या मुलाला आला की नाही याचा पुढच्याशी संबंध नाही. शिवाय मारफानच्या साधारण चौथ्या भागात आईवडील दोघेही ठणठणीत असतात, बदल त्या मुलातच पहिल्यांदा झालेला असतो. तेव्हा "आमच्या घरात कोणालाच नाही" हे वाक्य खरं असलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही. सूनबाई, हे सासूबाईंना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

एहलर्स-डॅनलॉसचे काही विरळ प्रकार असेही आहेत की दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. नात्यातल्या लग्नाचा प्रश्न म्हणून विचारतात. तुमच्याकडे तो नाही, सोडून देऊ.

पण आपल्या आजूबाजूला दिसणारी बहुतेक लवचिक माणसं यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाहीत. २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एहलर्स-डॅनलॉसचे १३ प्रकार ठरवले. त्यातल्या १२ प्रकारांची जनुकं माहीत होती. तेरावा, सगळ्यात जास्त आढळणारा हायपरमोबाइल प्रकार, त्याचं जनुक सापडलेलं नव्हतं आणि आजही त्याची जीन टेस्ट नाही. जे त्या प्रकारातही पूर्ण बसत नाहीत पण सांधे सैल आहेत आणि दुखतात, त्यांना हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात.

म्हणजे घराण्यात येतं का? येतं. २००४ साली ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींवर अभ्यास झाला होता. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांत दोघी लवचिक असण्याचं प्रमाण वेगळ्या बीजांच्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं, आणि आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के धरला गेला.

केळीवाला_रावेर

मास्तर, म्हणजे १०० पैकी ७० पोरांना येणार? माझं लग्न ठरतंय आणि माझा डावा अंगठा पूर्ण टेकतो, उजवा टेकत नाही. मुलीकडच्यांना सांगायचं का? 😅

मास्तर_शहादा

नाही रे बाबा. इथेच सगळे फसतात. ७० टक्के म्हणजे तुझ्या पोराला येण्याची शक्यता नव्हे. लोकांमध्ये जो फरक दिसतो, कोणी ताठ, कोणी लवचिक, त्या फरकातला किती भाग जनुकांच्या फरकामुळे आहे, त्याचा तो आकडा. उरलेल्यात सराव, दुखापती, शरीराची घडण असं सगळं येतं. उंचीसारखंच. उंच बापाचा मुलगा साधारण उंच निघतो, पण कोणी टक्केवारी लिहून देत नाही.

डाव्या अंगठ्याचं म्हणशील तर उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा डावा हात जरा जास्त सैल असतो, हे पुष्कळदा दिसतं. केळीचे घड उचलणारा उजवा हात ताठ झालाय तुझा. मुलीकडच्यांना पगार खरा सांग, अंगठ्याचं राहू दे.

अमळनेरची_सूनबाई

कानबाईचं विसर्जन झालं, पाहुणे गेले, आता निवांत लिहिते.

भावाचा इको झाला. महाधमनीचं माप त्याच्या उंची-वजनाला साजेसं आहे. डोळ्याचं भिंग जागेवर आहे, नुसता मोठा नंबर आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी मनगट धरायला लावलं, मूठ मिटून अंगठा बाहेर येतो का ते बघितलं, उंची आणि दोन्ही हातांची लांबी मोजली. म्हणाले, मारफानसारखं वाटत नाही, पण आजोबांचा इतिहास आहे तर काही वर्षांनी पुन्हा एकदा इको करा. माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोपली.

आता ओट्यावरची परीक्षा. लेक ८. मी ६. वडील या वयात ३, पण तरुणपणी जमिनीला तळवे टेकायचे, ते स्वतः सांगतात. आत्या ४. हे (म्हणजे नवरा) १, आणि त्या एकाचाही त्यांना अभिमान. धाकटा ७.

आणि सासूबाई. पासष्टीच्या पुढच्या. आधी येईनात, मग पोरांनी ओढत आणलं. दोन्ही करंगळ्या, दोन्ही अंगठे, आणि नऊवारीचा काष्टा खोचून खाली वाकल्या तर दोन्ही तळवे फरशीला. ५! सगळा ओटा गप्प. मग सुरतच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, अगं हिच्यासारखे मांडे आख्ख्या भाऊबंदकीत कोणाला येत नाहीत, ते काय उगाच? खापरावर टाकायच्या आधी पुरणाची पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत मोठी करतात ना, त्यांची मनगटं तिथे अशी वळतात की बघणाऱ्याची दुखावीत. मी इतकी वर्षं बघतेय.

पण त्यांना आयुष्यात सांधेदुखी म्हणून नाही. कापूस वेचला, पाणी वाहिलं, काही नाही. मग माझ्या लेकीलाच का दुखतं? आणि आता हे दोन्हीकडून आलं म्हणायचं का?

मास्तर_शहादा

दोन्हीकडून आलं असण्याची शक्यता चांगलीच आहे. सर्वसाधारण लवचिकतेत एक जनुक नसून अनेकांचे छोटे छोटे वाटे असावेत असं मानतात. तसं असेल तर काही वाटे शिंदखेड्याचे, काही अमळनेरचे, आणि बेरीज नातीत. तुमच्या यजमानांकडे १ असला तरी आईकडून आलेलं त्यांनी पुढे दिलं असू शकतं, स्वतःच्या अंगावर न दाखवता. पुरुषात कमी दिसतं म्हणून ते पुरुषातून जात नाही असं नाही. मात्र ओट्यावरच्या परीक्षेवरून कोणाचे किती गुण असा हिशेब मांडू नका, तो कोणालाच मांडता येणार नाही.

फिजिओ_धुळे

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे त्यांच्यासारखी माणसं येतच नाहीत, कारण त्यांना काही होत नाही. म्हणून आम्हाला वाटतं सगळे लवचिक लोक दुखणाईत. खरं तर लवचिक असणं हा आजार नाही. अनेकांना आयुष्यभर कळतही नाही. हा स्कोर ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या पीटर बायटन यांनी १९७३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातल्या त्स्वाना लोकांमध्ये जाऊन मोजणी केली होती, दवाखान्यात बसून नाही.

दुखतं ते का, तर बंध सैल असले की सांधा सांभाळण्याचं काम स्नायूंवर पडतं. सासूबाईंनी लहानपणापासून कष्ट केले, त्यांचे स्नायू ते काम करत आले, हा माझा अंदाज. लेक खेळते खरी, पण वाढीच्या वयात हाड झरझर लांब होतं, स्नायूंची ताकद आणि सांधा कुठे आहे याची जाण मागे राहते. घोटा सपाट अंगणात मुरगळतो तो याच कारणाने.

धाकट्याचे ७ विसरून जा. पाच वर्षांखालची पोरं सगळीच रबराची असतात, त्या वयात हा स्कोर धरत नाहीत. आणि लेकीवर एहलर्स-डॅनलॉसचा शिक्का आत्ता कोणी मारू नये. २०२३ साली मुलांसाठी वेगळी चौकट आली आहे. हायपरमोबाइल प्रकाराचं निदान शरीराची वाढ पूर्ण झाल्यावरच करायचं, तोवर त्रास काय आहे ते बघून उपचार करायचे, असं त्यात आहे. पुढे कधी निदानाची वेळ आलीच तर कुटुंबाचा इतिहास हा त्यातला एक मुद्दा असतो, पण तिथे फक्त सख्खं पहिलं नातं धरतात: आई, वडील, भावंडं, मुलं. हातावर चालणारी आत्या त्यात येत नाही, आणि तुम्हीही तेव्हाच मोजल्या जाल जेव्हा स्वतः सगळे निकष पूर्ण कराल.

जीन टेस्टचं: भावाचा इको साफ, कातडी-वणांचं काही नाही, कोणाची रक्तवाहिनी फुटलेली नाही. अशा वेळी टेस्ट केली तर बहुधा "काही सापडलं नाही" असा कागद येईल, किंवा अर्थ न लागणारा एखादा बदल सापडेल आणि झोप जाईल. भावाच्या पुढच्या इकोत फरक पडला तर मात्र मुंबई-पुण्यात जनुकतज्ज्ञांना दाखवून, त्यांनी सांगितलेली टेस्ट करा. लॅबवाल्याच्या फोनवरून नाही. ह्यांनी फोन ठेवला ते बरं केलं.

लेकीसाठी आता. अंगठ्याच्या करामती बंद, हे आधी. तिला समजावून सांगा, रागावून नाही. लिहायला जाड पेन किंवा पेनाला रबरी गादी. मांडीच्या पुढचे-मागचे आणि कमरेचे स्नायू मजबूत करायचे, पण गुडघा मागे लॉक न करता. एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून. ताणायचे व्यायाम नकोत, तिला ताणायची गरजच नाही. पोहणं आणि सायकल उत्तम. एकदा जवळच्या फिजिओकडून नीट शिकून घ्या, इंटरनेटवरच्या योगाच्या व्हिडिओवरून नको.

अमळनेरची_सूनबाई

खो-खो? शाळेच्या जिल्हास्तरीय स्पर्धा तोंडावर आहेत. हे म्हणतात बंद करा. ती म्हणते, बंद केलं तर जेवणार नाही.

फिजिओ_धुळे

बंद नका करू. बंद केलं तर स्नायू अजून सुटतील आणि दुखणं वाढेल. सरांना सांगा, सरावाआधी घोट्याचे व्यायाम, लागोपाठ दोन दिवस जोरदार सराव नको, आणि सूर मारताना कोपर ताठ ठेवून पडायचं नाही. सांधा खरोखर निखळला, सुजला, किंवा पायात मुंग्या आल्या तर थांबायचं आणि दाखवायचं. आणि शिक्षकांना दोन ओळींची चिठ्ठी द्या, पेपरात मध्ये हात सोडायला दोन मिनिटं मिळावीत म्हणून. हवी असल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांकडून घ्या.

अमळनेरची_सूनबाई

चालेल. तिला हे वाचून दाखवलं. अंगठ्याची करामत बंद म्हटल्यावर तोंड पडलं, पण "आजीपण आपल्यातली आहे" याचा भलताच आनंद झालाय. आता दोघी मिळून एका पायावर उभं राहायचा सराव करतात. आजी जिंकते.

बापू_शिरपूर

फिजिओ भाऊ, ओढण्याचं मागे घेतलं. पण एक सांगा. माझं वय ७१. अंगठा आता टेकत नाही, तरुणपणी टेकायचा, आणि शाळेत मी दोरीवरची कसरत करून दाखवायचो. माझं काही धरता का नाही? गुडघाही दुखतो हल्ली.

फिजिओ_धुळे

धरतो बापू. "आता किंवा पूर्वी कधी अंगठा टेकायचा का" आणि "लहानपणी अंग वाकवून करामती करायचात का" असे दोन्ही प्रश्न पाच प्रश्नांच्या एका छोट्या यादीत आहेत, आणि पाचांपैकी दोन होकार आले तर पूर्वी सांधे सैल असावेत असं मानतात. तुमचे दोन झाले. गुडघा मात्र बहुधा झिजेचा. त्यासाठी वेगळा धागा काढा, आणि वजन किती ते खरं लिहा.